थोरल्या आजोबांची तारीख

आमच्या गुहागरकडच्या घरी चैत्रात हनुमान जयंती झाली की आठवड्याभरात एक दिवस सकाळपासून स्वयंपाकघरात गडबड असायची. वडे, खीर, आळूची भाजी, आणि सगळ्यांच्या आधी एक पान मागच्या अंगणात कावळ्याला. आम्ही मुले विचारायचो, "आज काय आहे?" आजी म्हणायची, "थोरल्या आजोबांची तिथ."

थोरले आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे मोठे भाऊ. ते "आखातात गेले" एवढेच आम्हाला माहीत होते. गेले म्हणजे नोकरीला गेले की वारले, हे आम्ही कधी विचारलेच नाही. पुढे कळले की दोन्ही खरे होते.

मी स्वतः संगणक अभियांत्रिकीची डिग्री घेऊन इतर हजारोंसारखा दुबईला आलो. या गोष्टीची आठवण झाली ती मुलीच्या शाळेमुळे. तिला 'फॅमिली ट्री'चा प्रकल्प मिळाला होता. आम्ही संगणकवाले, त्यामुळे कागद-कात्री घेण्याऐवजी मी लगेच एक वंशावळीचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. नाव, जन्मतारीख, मृत्युतारीख. आजोबांपर्यंत सगळे भराभर भरून झाले. थोरल्या आजोबांपाशी गाडी अडली. त्या चौकटीत तारीखच लागते, 'चैत्र वद्य अष्टमी' लिहिले की लाल अक्षरात चूक दाखवते!

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "सातबाऱ्यावरून त्यांचे नाव एकोणसत्तर साली कमी झाले बघ. फेरफाराची नक्कल आहे माझ्याकडे." मी १९६९ टाकून मोकळा झालो. प्रकल्प झाला, मुलीला शाबासकी मिळाली.

त्या दिवाळीत तो तक्ता घरच्या सगळ्यांना पाठवला आणि चिपळूणहून आत्याचा फोन आला. ही माझी सख्खी आत्या नव्हे, थोरल्या आजोबांची एकुलती एक मुलगी. ती म्हणाली, "अरे, एकोणसत्तर कसं लिहिलंस? मी शाळेत जायला लागले त्याच्याही आधी माझे बाबा गेलेले. आणि दुसरं म्हणजे, तुझ्या तक्त्यात मी कुठे आहे?"

दोन्ही चुका माझ्या होत्या. त्या दुरुस्त करता करता जे शिकलो ते आपल्या अंकाच्या वाचकांसाठी लिहितो आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा 'आखातात गेलेला' माणूस असेल, आणि आज ना उद्या आपल्या मुलांना त्याची तारीख हवी असेल.

'दारा' बोटीची रात्र

आत्याने सांगितले ते असे. थोरले आजोबा १९५० नंतरच्या दशकात दुबईला एका कापडाच्या पेढीवर कारकून म्हणून आले. तेव्हा संयुक्त अरब अमिराती नव्हतीच, तो देश २ डिसेंबर १९७१ ला झाला. तेव्हाची ही 'ट्रुशल स्टेट्स', ब्रिटिशांच्या संरक्षणाखालची. तेल सापडायचे होते. बाजारात चालायचा रुपया! आधी आपला भारतीय रुपया, आणि १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला 'गल्फ रुपया'. मुंबईहून इकडे यायचे ते ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या, म्हणजे कोकणी माणसाच्या भाषेत 'बी. आय. कंपनी'च्या बोटीने. 'दुमरा', 'द्वारका', 'दरेसा', 'दारा' ही त्या बोटींची नावे. यातली 'द्वारका' तर १९८२ पर्यंत या मार्गावर धावत होती.

७ एप्रिल १९६१ ला 'दारा' दुबईसमोर नांगरून उभी होती. रशीद बंदर १९७२ चे. त्याआधी मोठ्या बोटी बाहेर समुद्रातच थांबायच्या आणि माणसे-सामान होड्यांतून ने-आण व्हायचे. गावातला एक जण त्या बोटीने निघाला होता, त्याला निरोप द्यायला थोरले आजोबा बोटीवर चढले. तेवढ्यात वादळ उठले. कॅप्टनने बोट खोल समुद्रात नेली. प्रवासी होतेच, पण उतरायला न मिळालेले इतर लोकही बोटीबरोबर गेले. त्यांत कंपनीची आणि इमिग्रेशनची माणसे होती, हमाल होते, माल विकायला आलेले फेरीवाले होते आणि निरोप द्यायला आलेले नातेवाईक होते. रात्रभर वादळ सोसून बोट परत येत असताना ८ एप्रिलच्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास मोठा स्फोट झाला आणि आग लागली. बोटीवर ८१९ माणसे होती, त्यांतली २३८ दगावली. जळालेली बोट ओढून नेत असताना १० एप्रिलला बुडाली. आजही तिचा सांगाडा उम्म अल क्वैनच्या किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशी आहे, आणि हौशी पाणबुडे तो पाहायला जातात. पुढे लंडनमध्ये चौकशी झाली. बोटीत सुरुंगासारखे स्फोटक ठेवले गेले असावे, असा निष्कर्ष निघाला.

ज्याला निरोप द्यायला थोरले आजोबा गेले तो वाचला. त्यानेच पुढे गावी येऊन सांगितले. थोरल्या आजोबांचा देह मिळाला नाही.

आता यातली अडचण बघा. प्रवाशांच्या यादीत त्यांचे नाव असण्याचे कारण नव्हते, त्यांनी तिकीटच काढले नव्हते. खलाशांच्या यादीत तर नाहीच नाही. देह नाही म्हणून दाखला नाही. थोरली आजी तेव्हा पंचविशीची, पदरात तीन वर्षांची मुलगी. "कागद दाखवा, मग मानीन," असे म्हणून तिने कुंकू पुसायला नकार दिला. सात वर्षे ती कुंकू लावत राहिली आणि पोस्टमनची वाट पाहत राहिली.

सात वर्षांचा कायदा

सातच वर्षे का? तर १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मुळे. ज्यांना एखाद्याची खबर सहज कळली असती अशा माणसांना सात वर्षे त्याच्याबद्दल काहीच कळले नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हा नियम त्यातही कायम आहे.

बाबांकडची फेरफाराची नक्कल मी नीट वाचली ती यानंतर. पहिल्यांदा मी फक्त वर्ष पाहिले होते. मजकूर साधारण असा होता: खातेदार सन १९६१ पासून बेपत्ता, सात वर्षांत ठावठिकाणा नाही, कोर्टाच्या हुकमावरून मयत समजून नाव कमी केले. वारस म्हणून पत्नी, आणि "अज्ञान मुलगी, अ. पा. क. आई". अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ती अज्ञान मुलगी म्हणजे माझी आत्या!

म्हणजे १९६९ ही त्यांच्या मरणाची तारीख नव्हती. सरकारी वहीने ते मरण मान्य केले, त्याची ती तारीख होती. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्याने पहिली गाठ मारून ठेवावी ती ही: घटनेची तारीख वेगळी आणि नोंदीची तारीख वेगळी. कधी दोन दिवसांचा फरक असतो, कधी आठ वर्षांचा.

मग खरी तारीख कशी पक्की करायची? इथे आजीची 'तिथ' कामाला आली. तिथीवरून तारीख काढणे अवघड नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९ मिळवायचे. एवढे लक्षात ठेवायचे की आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेकडे पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षाचे महिन्याचे नाव तिकडे एक पुढे असते. शके १८८३ म्हणजे १९६१. त्या वर्षीच्या चैत्र वद्य अष्टमीला तारीख येते ८ एप्रिल. गावकऱ्याने सांगितलेली हकीकत, बोटीचा इतिहास आणि घरातले श्राद्ध, तिन्ही एका दिवशी येऊन मिळाले. त्या दिवशी ऑफिसात बसून मी हे जुळवले आणि उगाचच दहा मिनिटे बाहेर जाऊन उभा राहिलो.

कुठे शोधायचे?

यानंतर नोंदी शोधायचा नादच लागला. मित्र विचारू लागले, त्यांच्यासाठीही शोधले. त्यातून हाती आले ते सांगतो.

पहिला नियम: मृत्यूची नोंद मूळ गावी होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. आजोबा गावचे, पण वारले मुंबईच्या इस्पितळात, तर नोंद मुंबई महापालिकेत सापडेल. गावच्या ग्रामपंचायतीत शोधून लोक निराश होतात ते यामुळे. आज महाराष्ट्रात गावपातळीवर हे काम ग्रामपंचायतीकडे असते. कायदा आहे जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, आणि गंमत म्हणजे तोही १९६९ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे कोणीही ठरलेली फी भरून नोंदीचा शोध घ्यायला सांगू शकतो आणि उतारा मागू शकतो. फक्त मृत्यूच्या उताऱ्यात मरणाचे कारण दिले जात नाही.

त्याआधीच्या काळासाठी गाव नमुना १४ ची वही, म्हणजे लोकांच्या तोंडातले 'कोतवाल बुक'. त्यात जन्म आणि मयताच्या नोंदी असतात, जुन्या पुष्कळदा मोडी लिपीत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावच्या या वह्या कपाटांतून बाहेर आल्या. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि बऱ्याच जिल्ह्यांनी नोंदी संकेतस्थळांवर टाकल्या. आरक्षणाच्या वादात मी शिरत नाही. पण त्या निमित्ताने आपल्या पणजोबांची नोंद घरबसल्या पाहायची सोय झाली, हे खरे.

दुसरे म्हणजे जमिनीचे कागद. माणूस मेल्याची नोंद करायला कोणी विसरेल, पण जमिनीला वारस लावायला विसरत नाही! गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही आणि ६-क म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही. मयताचे नाव, मृत्यूची तारीख, बायको-मुले, मुलींची नावेसुद्धा त्यात मिळतात. महाराष्ट्र सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेले आहेत. दुबईत बसून गावची वही उघडता येते.

तिसरे, तीर्थक्षेत्रांचे उपाध्ये. नाशिक-त्र्यंबकेश्वरला अस्थी घेऊन गेलेल्यांची नावे त्यांच्या चोपड्यांत असतात, आणि सोबत कोण आले होते हेही. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेने मायक्रोफिल्म चित्रण केलेले आहे.

चौथे, वर्तमानपत्रे. केसरी १८८१ चा, सकाळ १९३२ चा, लोकसत्ता १९४८ चा. मोठ्या ग्रंथालयांत जुने अंक बांधून ठेवलेले असतात. 'दारा'ची बातमी मी सुट्टीत मुंबईला गेलो असताना अशाच एका फायलीत शोधली. बातमी होती, नावे नव्हती. मात्र साध्या निधनवार्तांत माहिती खच्चून भरलेली असते. "त्यांच्या पश्चात दोन मुलगे, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे" हे वाक्य आपण वाचून सोडून देतो, पण वंशावळीसाठी तीच सगळ्यात मोलाची ओळ. नावामागे 'गं. भा.' असेल तर नवरा आधीच गेलेला, एवढे लगेच कळते. निधनवार्ता नाही मिळाली तर वर्षभराने 'प्रथम पुण्यस्मरणा'ची जाहिरात शोधा. तिच्यात फोटो असतो आणि पुष्कळदा तिथी व तारीख दोन्ही असतात.

इकडे अमिरातीत

१९७१ च्या आधीच्या काळासाठी इथल्या नोंदी लंडनकडे जातात. १९४७ पर्यंत आखाताचा कारभार हिंदुस्थान सरकारमार्फत चाले, म्हणून ते कागद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्यातले पुष्कळसे २०१४ पासून 'कतार डिजिटल लायब्ररी'वर फुकट वाचता येतात. त्यानंतरचे परराष्ट्र खात्याचे कागद क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ब्रिटिश नोंदणीच्या बोटींवर मरण पावलेल्या प्रवाशांची आणि खलाशांची १८९१ ते १९७२ ची रजिस्टरेही तिथेच, 'बी. टी. ३३४' या क्रमांकाखाली. रत्नागिरीच्या किती घरांतले खलाशी त्यात असतील! थोरले आजोबा प्रवासीही नव्हते आणि खलाशीही नव्हते, तरी पुढच्या वेळी कामासाठी लंडनला गेलो की १९६१ चे पान मी उघडून बघणार आहे.

अलीकडच्या काळाचे काय? इथे कोणी भारतीय वारला की आरोग्य खात्याचा मृत्युदाखला निघतो, आपल्या वकिलातीत किंवा कॉन्सुलेटमध्ये मृत्यूची नोंद होते, पासपोर्ट रद्द होतो, आणि मग इथेच अंत्यसंस्कार होतात किंवा पार्थिव भारतात जाते. परदेशातल्या वकिलातीत झालेली ही नोंद भारतीय कायद्याच्या कलम २० प्रमाणे भारतात झालेलीच मानली जाते. म्हणून अंत्यसंस्कार गावी झाले तरी मृत्यूची नोंद गावी सापडणार नाही. मुलांना हे सांगून ठेवायला हवे.

इथला दाखला अरबीत असतो, आणि अरबीत प, च, ट ही अक्षरे नाहीत. पाटील यांचे 'बातील' होते. त्यात आपल्याकडे वडिलांचे नाव मधले, आणि पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. एकाच माणसाचे तीन कागदांवर तीन अवतार. आमच्या धंद्यात असे रेकॉर्ड जुळवताना नावावर कधी विसंबत नाहीत, न बदलणारा क्रमांक शोधतात. इथे तो क्रमांक म्हणजे पासपोर्टचा. म्हणून रद्द झालेला पासपोर्ट, अरबी दाखला, त्याचे भाषांतर आणि कॉन्सुलेटची नोंद, या चारही कागदांचा एकत्र संच जपून ठेवा. जुने पासपोर्ट रद्दीत घालू नका.

इथली इंग्रजी वर्तमानपत्रे, खलीज टाइम्स आणि गल्फ न्यूज, दोन्ही १९७८ ची. त्यात आपल्या माणसांच्या निधनाच्या बातम्या मिळणे नशिबाची गोष्ट. खरे सांगायचे तर इथल्या मराठी माणसांच्या निधनवार्ता सापडण्याची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे मंडळांच्या जुन्या दिवाळी अंकांतले 'श्रद्धांजली'चे पान. हल्ली ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, आपण हात जोडल्याचे चित्र पाठवतो, आणि फोन बदलला की ती गेली. ज्यांच्याकडे जुने अंक असतील त्यांनी निदान त्या पानांचे फोटो काढून मंडळाला द्यावेत, ही विनंती.

तक्त्यातली रिकामी जागा

आता आत्याची दुसरी तक्रार. माझ्या तक्त्यात ती नव्हती, कारण मी बाबांना "भावांची नावे सांगा" असेच विचारले होते! आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, पुष्कळदा पहिले नावही बदलते. माहेरच्या कागदांत एक बाई, सासरच्या कागदांत दुसरीच. घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले असतात तिथेही मुलगी पुष्कळदा लग्नाच्या ओळीशी संपते, आणि बहुतेक मराठी घरांचा कुलवृत्तांत तर निघालेलाच नाही. म्हणून आई, आजी, पणजी यांची दोन्ही नावे आजच लिहून घ्या. सांगणारी माणसे आहेत तोवर हे पाच मिनिटांचे काम आहे. नंतर ते कुठल्याही संगणकाला जमत नाही.

गेल्या हिवाळ्यात आत्या आमच्याकडे दुबईला आली होती. बुर्ज खलिफा झाला, सोन्याचा बाजार झाला. शेवटच्या शुक्रवारी तिला गाडीतून उम्म अल क्वैनच्या किनाऱ्यावर नेले. फेरफाराची नक्कल तिने पिशवीत आणली होती. तिने विचारले, "कुठल्या बाजूला?" मी हाताने समोर दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. मग पिशवीतून थोडी फुले काढून पाण्यात सोडली आणि म्हणाली, "आईला हा समुद्र एकदा दाखवायला हवा होता रे."

परत येताना गाडीत माझ्या मुलीने तिला विचारले, "मग आता प्रोजेक्टमध्ये काय लिहायचं?" आत्याने तिला शब्दन् शब्द सांगितला. मुलीने घरी येऊन तो जुना तक्ता काढला, १९६९ खोडले आणि लिहिले: ८ एप्रिल १९६१, चैत्र वद्य अष्टमी, दुबईजवळ समुद्रात. त्याखाली एक रेघ ओढून आत्याचे नाव लिहिले. दोन्ही नावे.